टीबी: लोक घाबरतात ते चुकीच्या वेळी

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. बिल्डिंगमधल्या एका मुलीला टीबी निघालाय, गोळ्या सुरू होऊन तीन महिने झालेत, ती कामावरही जायला लागलीय, पण लोक तिच्यासोबत लिफ्टमध्ये चढत नाहीत आणि जिन्याचं रेलिंग फिनाइलने पुसून घेतात. विचारणाऱ्यांना सगळ्यांसाठी एक माहितीचं सेशन ठेवायचंय, त्यात नेमकं काय सांगायचं असा प्रश्न आहे. सेशनची तारीख एकदा पुढे गेली, कारण ज्या काकांनी पुढाकार घेतला होता त्यांचा खोकला महिनाभर हटत नाहीये, असंही जाता जाता लिहिलंय.

मी छातीच्या आजारांचा डॉक्टर, पंचवीसेक वर्षं झाली, त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ टीबीतच गेला. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की बसलीय डोक्यात. लोक टीबीला घाबरत नाहीत असं अजिबात नाही, भरपूर घाबरतात, फक्त घाबरायची वेळ चुकते. माणूस दोन महिने खोकत असतो तेव्हा त्याच्या शेजारी बसून गप्पा मारतात, एकाच गाडीतून काचा बंद करून फिरतात, आणि ज्या दिवशी रिपोर्ट येतो, गोळ्या सुरू होतात, त्या दिवसापासून त्याचं ताट वेगळं. म्हणजे धोका होता तेव्हा बिनधास्त आणि धोका उतरायला लागला की सगळे लांब. तुमच्या सेशनमध्ये बाकी काही नाही सांगितलं तरी चालेल, एवढं एक डोक्यात शिरलं पाहिजे.

हे असं का, ते नीट सांगतो. फुफ्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, जोरात बोलतो, गातो, तेव्हा अगदी बारीक थेंब हवेत जातात. त्यातलं पाणी लगेच उडून जातं आणि एक ते पाच मायक्रॉनचा कण उरतो ज्यात एखाद-दोन जंतू असतात. हा कण इतका हलका की बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतो, आणि इतका बारीक की श्वासाबरोबर थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातो. मोठे थेंब नाकात घशात अडकतात, जमिनीवर पडतात, त्यातून टीबी होत नाही. रेलिंग पुसून, कप वेगळा ठेवून, चादरी उकळून काहीही साध्य होत नाही ते याचमुळे, हा आजार हाताने भांड्याने कपड्याने पसरत नाही, हवेने पसरतो. फिनाइलचा खर्च वाचवा आणि जिन्यातली खिडकी गंजून बसली असेल तर ती उघडा, खरंच सांगतो, त्याचा उपयोग जास्त आहे. वारा खेळता असला की कण पातळ होतात, उन्हात जंतू मरतात. सगळ्यात वाईट जागा म्हणजे एसी लावून दारं-खिडक्या बंद केलेली लहान खोली.

आता गोळ्यांनी काय होतं. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोरला रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक भन्नाट प्रयोग केला होता. टीबीच्या सहा खाटांच्या वॉर्डातली हवा पाइपातून वर नेऊन गिनीपिगांच्या पिंजऱ्यांवर सोडायची आणि किती गिनीपिगांना लागण होते ते मोजायचं. टीबी हवेतून पसरतो हे तर त्यातून सिद्ध झालंच, पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, लागण मुख्यतः मोजक्याच पेशंटांकडून झाली आणि ज्यांची औषधं चालू होती त्यांच्याकडून फारच कमी. त्याच सुमारास, म्हणजे १९५६ पासून पुढे, मद्रासमध्ये आणखी एक मोठं काम झालं. तोवर टीबी झाला की सॅनेटोरियमला, म्हणजे टीबीच्या पेशंटांना महिनोन्‌महिने ठेवायच्या वेगळ्या हॉस्पिटलला, पाठवायचं हाच नियम होता. तिथे पेशंटांचे दोन गट केले, अर्धे सॅनेटोरियममध्ये आणि अर्धे स्वतःच्या घरी, आणि घरं म्हणजे काय तर गरीब वस्तीतल्या दाटीवाटीच्या खोल्या. औषधं दोघांना तीच. घरी राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना पुढची पाच वर्षं बघितलं तेव्हा त्यांच्यात टीबीचं प्रमाण काही जास्त निघालं नाही. जगभरची सॅनेटोरियमं बंद व्हायला हे एक मोठं कारण ठरलं. म्हणजे साठ-पासष्ट वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न आपण लिफ्टमध्ये पुन्हा सोडवत बसलोय.

औषध जंतूंना लागू पडत असेल तर साधारण दोन आठवड्यांत पसरवण्याची शक्यता खूपच खाली येते. तीन महिने म्हणजे तर फारच झाले. अट एकच, औषध लागू पडलं पाहिजे, ते थुंकीच्या तपासणीतून कळतं आणि ते बघायचं काम तिच्या डॉक्टरांचं, बिल्डिंगचं नाही. आणि हो, तिला टीबी कुठला आहे हे तरी कोणाला माहितेय का? मानेतल्या गाठीचा, मणक्याचा, आतड्याचा, पोटातल्या पडद्याचा टीबी असेल आणि फुफ्फुसात काही नसेल तर तो माणूस पहिल्या दिवसापासूनच कोणाला देत नाही. केस आणि नखं सोडली तर जवळपास कुठेही टीबी होतो. पण हे वाचून कृपा करून तिला विचारायला जाऊ नका, तो तिचा खाजगी विषय आहे. सेशनमध्ये तिला उभं करून "बघा, ही आता बरी होतेय" असलं काहीही करू नका. तिने आपणहून बोलायचं म्हटलं तर गोष्ट वेगळी.

मग घाबरायचं कधी? खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तेव्हा. संध्याकाळी अंगात बारीक कणकण, रात्री घामाने उशी ओली, वजन उतरतंय, भूक नाही, बेडक्यात रक्त, यातलं काहीही असेल तेव्हा. गंमत म्हणजे हे सगळं एकदम क्वचितच येतं, पुस्तकातला पेशंट मला वर्षातून दोनदा भेटतो. बरेच जण "सर खोकला तर सिगरेटचाच आहे" म्हणत येतात. आणि लोकसंख्येचे सर्व्हे करून एक्स-रे काढून जे पेशंट शोधतात त्यातल्या जवळपास निम्म्यांना विचारलं तर लक्षणच नसतं, म्हणून घरात कोणाला टीबी निघाला तर घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची, खोकला असो नसो.

डब्ल्यूएचओचा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचा, २०२३ चा आकडा सांगतो, त्या एका वर्षात जगात साधारण १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला आणि साडेबारा लाख दगावले. पण नोंद झाली ती ८२ लाखांचीच. मधले पंचवीस लाखांवर लोक कुठेतरी खोकतायत, काही उपचार घेतायत पण नोंद नाही, काहींना पत्ताच नाही. साथ पुढे चालू राहते ती यांच्यामुळे. आणि आपण बोट दाखवतो ते नोंद झालेल्यांकडे.

तपासणीबद्दल जरा सविस्तर, कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. थुंकीची डबी हातात दिली की दहातले सहा जण तोंडातली लाळ भरून आणतात. पाण्यासारखी, वर फेस. त्यात जंतू सापडणार कुठून? मायक्रोस्कोपखाली दिसायला एका मिलीलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार जंतू लागतात. रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि माणूस निर्धास्त होऊन अजून महिनाभर खोकत बसतो. नमुना द्यायचा असा: सकाळी उठल्या उठल्या, नुसत्या पाण्याने चूळ भरायची, मोकळ्या हवेत किंवा उघड्या खिडकीपाशी उभं राहायचं, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन थोडा धरायचा आणि मग पोटातून जोर लावून खोकायचं. जे घट्ट, पिवळट, चिकट वर येतं तो बेडका, तो हवा. मी तर माझ्या टेबलावर रंगाचा नमुना ठेवलाय, एका डबीत साधं पाणी, एका डबीत पिठाची घट्ट पिवळी पेज, "ही नको, ही पाहिजे". लोक हसतात पण पुढच्या वेळी बरोबर आणतात. तुमच्या सेशनमध्ये हेच करा, अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा हे लक्षात राहतं.

आता मायक्रोस्कोपपेक्षा जीनएक्सपर्टसारख्या टेस्ट कितीतरी चांगल्या, दोनेक तासांत मशीन सांगतं की टीबी आहे का आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल की नाही. पहिलीच टेस्ट तीच मागा. कल्चरला, म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून बघायला, आठवडे लागतात पण त्याची जागा अजून आहे. नुसत्या एक्स-रेवर ठरवू नका, डाग जुना असू शकतो, दुसऱ्या आजाराचा असू शकतो. मॅन्टू (हातावर टोचून बघायची टेस्ट) किंवा टीबी गोल्ड (रक्ताची टेस्ट) पॉझिटिव्ह आलं याचा अर्थ जंतू शरीरात कधीतरी शिरलाय एवढाच, आजार आहे असं नाही. आणि रक्तातल्या अँटिबॉडी बघून टीबी ठरवणाऱ्या ज्या टेस्ट होत्या त्या वापरूच नका असं डब्ल्यूएचओने २०११ मध्येच सांगितलंय, तरी कोणी सुचवल्या तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

आमच्या बाजूच्या चुकाही सांगायला हव्यात, नाहीतर सगळं पेशंटवर ढकलल्यासारखं होईल. खोकल्याला सिरप, मग अँटिबायोटिक, मग दुसरं अँटिबायोटिक, असं करत दोन-तीन महिने घालवलेले पेशंट दर आठवड्याला येतात. त्यात लेव्होफ्लॉक्सासिन टाईपचं औषध दिलं असेल तर अजून पंचाईत, ते टीबीच्या जंतूवर अर्धवट चालतं, दहा दिवस बरं वाटतं, थुंकी निगेटिव्ह येते आणि निदान आणखी लांबतं. आणि मी स्वतः धुतल्या तांदळासारखा नाही. सुरुवातीच्या वर्षांत एक तिशीतला माणूस पाठ दुखते म्हणून आला, मी पेनकिलर लिहून दिली, परत आला, परत तीच लिहून दिली. तिसऱ्यांदा आला तेव्हा भिंतीला धरून चालत होता, पायातली ताकद कमी झाली होती. मणक्याचा टीबी. पहिल्याच वेळी विचारलं असतं की बाबा रात्री झोपेतही दुखतं का, वजन किती उतरलं, तर समजलं असतं. तो नंतर चालायला लागला, पण तेव्हापासून मी पाठदुखीवाल्याला वजन विचारल्याशिवाय सोडत नाही.

आता लागण आणि आजार यातला फरक. जगातल्या साधारण पाव लोकसंख्येच्या शरीरात हा जंतू झोपलेल्या अवस्थेत असू शकतो. त्यातल्या पाच ते दहा टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी आजार होतो, बाकीच्यांना कधीच नाही, आणि होणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना लागणीनंतरच्या पहिल्या दोन-एक वर्षांत होतो. एचआयव्ही असेल तर धोका कितीतरी पट, डायबेटीस असेल तर दोन-तीन पट, शिवाय कुपोषण, सिगरेट, दारू, स्टेरॉइड, डायलिसिस. लहान मुलांचं तर वेगळंच, पाच वर्षांखालचं मूल असेल तर लागण फार पटकन आजारात बदलते, मेंदूपर्यंत जाते. बीसीजी १९२१ पासून आहे, ती मुलांना याच भयंकर प्रकारांपासून वाचवते म्हणून द्यायचीच, पण मोठ्या माणसाला फुफ्फुसाच्या टीबीपासून तिचा फारसा आधार नाही, "मला लहानपणी लस दिलीये" हे कारण चालत नाही. घरात पेशंट निघाला तर जवळच्यांना, विशेषतः लहान मुलांना, आजार नाही ना याची खात्री करून प्रतिबंधक औषध देतात, आयसोनियाझिडचा सहा महिन्यांचा कोर्स किंवा रिफापेंटिन घालून आठवड्यातून एकदा असा तीन महिन्यांचा. हे फार कमी लोक मागतात. मागा.

आणि खाण्याचं. टीबी झालेल्याला चांगलं खायला द्या हे सगळे सांगतात, पण झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात पेशंटच्या घरच्यांना जादा पोषण दिलं तर त्यांच्यात नवीन टीबीच जवळपास ४० टक्क्यांच्या आसपास कमी झाला. म्हणजे वजन हा नुसता अशक्तपणाचा विषय नाही.

आता दुसरी चुकीची वेळ, ती पेशंटची स्वतःची. दोन महिने झाले, खोकला गेला, वजन वाढलं, चेहरा भरला, आणि गोळ्या बंद. मी विचारतो का रे बंद केल्या, तर "बरं वाटत होतं". अरे, बरं वाटतं म्हणूनच तर चालू ठेवायच्या! टीबीचा जंतू महाआळशी आहे, साधे जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, हा वीसेक तासांनी, आणि त्यातले काही तर नुसते पडून असतात. औषधं वाढणाऱ्या जंतूंना पटापट मारतात, म्हणून पहिल्या महिन्यात चमत्कार दिसतो. पडून राहिलेल्यांना मारायला पुढचे महिने लागतात. नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा, पहिले दोन महिने चार औषधं, आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल, मग पुढचे चार महिने त्यातली कमी औषधं. काही पेशंटांसाठी चार महिन्यांचे कोर्स पण आलेत, पण ते डॉक्टरने ठरवायचं, आपण नाही.

चार कशाला, एक चांगली का नाही, असं बरेच विचारतात. ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिन या एकाच औषधाच्या प्रसिद्ध चाचणीचे निकाल १९४८ ला आले, औषध दिलेल्यांपैकी सहा महिन्यांनी ५५ पैकी ४ दगावले, औषध न दिलेल्या ५२ पैकी १४. सगळे खूश. पाच वर्षांनी बघितलं तर दोन्ही गटांतला फरक फारसा उरला नव्हता, कारण एकट्या औषधाला जंतू सरावले. फुफ्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात, त्यात आयसोनियाझिडला न जुमानणारा साधारण दहा लाखांत एखादा आधीपासूनच असतो. एकच औषध दिलं की बाकीचे मरतात आणि हा एकटा राज्य करतो. दोन-तीन औषधं एकत्र दिली तर सगळ्यांना एकदम चुकवणारा जंतू मिळणं जवळपास अशक्य. गोळ्या अर्धवट घेणं म्हणजे त्या एकट्या टग्याला मोकळं मैदान. मग एमडीआर, म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन दोन्ही निकामी. त्यावरही आता बेडाक्विलिन असलेला गोळ्यांचा सहा महिन्यांचा कोर्स आहे, आधी दीड-दोन वर्षं आणि इंजेक्शनं असायची, पण त्या वाटेला कशाला जायचं.

गोळ्या सोडायचं दुसरं कारण त्रास, आणि तो आधी सांगितला नाही तर पेशंट घाबरून सोडतो. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी-लाल होते, घाम, अश्रूही, कॉन्टॅक्ट लेन्सवर डाग पडतात. हे रक्त नाही, घाबरायचं नाही. गर्भनिरोधक गोळ्यांचा असर मात्र त्याने कमी होतो, हे बायकांना कोणी सांगतच नाही, दुसरी काळजी घ्यायची. हातापायाला मुंग्या आल्या तर बी-६ जीवनसत्त्व देतात. सांधे दुखतात ते पायराझिनामाइडचं. पण डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या, अन्नावरची वासनाच गेली, किंवा नजर अंधुक झाली, लाल-हिरव्यातला फरक कळेना, तर पुढचा डोस घ्यायच्या आधी डॉक्टरला गाठायचं, त्याच दिवशी. कोर्स चालू आहे तोवर दारू पूर्ण बंद.

सेशनचं म्हणाल तर पोस्टरवर कवटी, रक्ताची गुळणी, हाडाचा सापळा नको. ते बघून लोक तपासायला येत नाहीत, लपवतात. एक बाई गोळ्या डाळीच्या डब्यात लपवून ठेवायच्या, सासरी कळू नये म्हणून, आणि पाहुणे आले की दोन-दोन दिवस डोस चुकायचा. मला चौथ्या महिन्यात कळलं. "संशयित", "डिफॉल्टर" हे पोलिसी शब्द आम्ही डॉक्टरांनीच रूढ केलेत, तुम्ही नका वापरू. टीबी आनुवंशिक नाही, कोणाच्या पापाचं फळ नाही, रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये जंतू दाखवला तिथेच तो विषय मिटायला हवा होता. पहिल्या दोन आठवड्यांत पेशंटने मास्क लावावा, वेगळ्या हवेशीर खोलीत झोपावं, एवढं पुरे. जवळ बसा, बोला, एकत्र जेवा.

आणि सेशनची तारीख आता अजून पुढे ढकलू नका, पण त्याआधी एक काम करा. त्या काकांना उद्या सकाळी चूळ भरून, खिडकीपाशी उभं राहून, डबीत घट्ट बेडका द्यायला सांगा आणि एक एक्स-रे काढून घ्या. महिनाभराचा खोकला ॲलर्जीचा असेल, सिगरेटचा असेल, ॲसिडिटीचाही असतो, पण बघितल्याशिवाय कळणार नाही. रिपोर्ट येईपर्यंत लिफ्टमध्ये मास्क त्यांनी लावावा, त्या मुलीने नाही.